टिचबटणांचा शर्ट

आमच्या लाँड्रीत शिरलं की डाव्या हाताला खिडकी आहे, आणि त्या खिडकीत वहिनी बसते. म्हणजे बसायची. एक स्टूल, एक मान वाकणारा दिवा आणि मांडीवर कुणाचा तरी भोक पडलेला कोट, एवढाच तिचा संसार. बाकी दुकान माझं. कपडे घेणं, खुणा बांधणं, धुणं, इस्त्री आणि गिऱ्हाइकांशी भांडणं. भांडण हा माझाच प्रांत. वहिनी रफू करते, भांडत नाही. मला ती ठिणगी म्हणते, आणि तिचं ऐकून सगळेच म्हणायला लागले.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. लोक सरसकट ठिगळ म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. वहिनी त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून केसाएवढे दोरे काढते आणि भोकावर नव्याने कापड विणते. आधी उभे दोरे, मग त्यांच्यातून आडवे, एकाच्या वरून, एकाच्या खालून. डोळ्यांचं काम रंग जुळवण्यापुरतं. खरं काम डाव्या हाताच्या बोटांचं. ती कापडाखाली असतात, आणि दोरा जरा जास्त ओढला गेला की आधी त्यांना कळतं. गिऱ्हाईक कोट न्यायला आलं की वहिनी म्हणायची, "शोधा." माणूस उजेडात नेऊन, नाकाशी धरून शोध शोध शोधायचा आणि शेवटी हसायचा. तिची चैन म्हणाल तर एवढीच.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. तो लोकांना गाडी शिकवतो. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो ना, तो दाबून दाबून त्याचा स्वभावच तसा झालाय. शेजारच्याने काही करायच्या आत ह्याचा पाय खाली. कुठे गेलो की वहिनीने तोंड उघडायच्या आत हा सांगणार, "तिला चहा, साखर कमी." वाईट नाही हो माणूस. तिचं नुसतं डोकं दुखलं तरी ह्याचं तोंड एवढंसं होतं. पण तिला काय हवंय हे तिच्या आधी ह्याला ठाऊक. आणि ती बाईसुद्धा कधी खोडायची नाही. हे म्हणतील तसं, एवढं बोलून मोकळी.

वहिनीच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी तपासण्यांचा निकाल सांगितला तेव्हा मीही तिथे होते. बाई दादाकडे बघून बोलत होत्या. कॅन्सर आहे, पसरलेला दिसत नाही, ऑपरेशन करू, मग शिरेतून औषधं देऊ. दादा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. वहिनी खिडकीच्या पडद्याकडे बघत बसली होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, "वहिनी, कळलं ना गं सगळं?"

"त्या पडद्याची खालची पट्टी उसवलीये," ती म्हणाली.

रडली नाही, काही नाही. मलाही रडू आलं नाही. आम्ही तिघं सरळ दुकानात आलो, मी इस्त्री तापत ठेवली आणि गठ्ठ्यातला वरचा कपडा घेतला. एवढ्या मोठ्या बातमीनंतर काहीतरी व्हायला हवं होतं असं वाटत होतं, पण काहीच झालं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी आवाज चढवून बोललं नाही. मीसुद्धा. मी गप्प म्हणजे बघा.

ऑपरेशन झालं. मग लाल रंगाचं औषध झालं, त्यात केस गेले. केस गेले तेव्हा वहिनीने आरशात बघितलं आणि म्हणाली, "माझे कान केवढे आहेत गं." आम्ही हसलो. हसणं म्हणजे नुसते दात दिसले. मग दुसरं औषध सुरू झालं, दर आठवड्याला. हे बरं, ह्यात उलट्या नाहीत, असं सगळे म्हणाले.

ह्याच औषधाच्या वेळी दादाला बाहेरच्या बाकावर कुणीतरी भेटला. त्याच्या बहिणीने म्हणे हातापायाला मुंग्या येतात अशी तक्रार केली, डॉक्टरांनी औषध मध्येच बंद केलं आणि वर्षाच्या आत दुखणं परत आलं. खरं खोटं देव जाणे. पण दादाने घरी येऊन फर्मान काढलं. आत गेल्यावर तक्रार करायची नाही. सगळं छान चाललंय म्हणायचं. किंबहुना काही म्हणायचंच नाही, मी बोलतो.

आणि तो बोलायचा. दर वेळी औषधाआधी बाई विचारायच्या, "हातापायाला मुंग्या? बधिरपणा? वस्तू हातातून पडतात का?" विचारताना त्यांची नजर कॉम्प्युटरवर, आणि वर केलीच तर दादावर. दादा म्हणायचा, "छे छे, एकदम ठणठणीत." मग बाई म्हणायच्या, "बटणं लावता येतात ना? लावून दाखवा बरं." वहिनी शर्टाची बटणं लावून दाखवायची. औषध द्यायला सोपं जावं म्हणून पुढून उघडणारा शर्ट घालायला सांगितलं होतं. दादाचाच एक जुना शर्ट तिने स्वतःच्या मापाचा करून घेतला होता. बटणं भराभर लागायची, बाई पुढे जा म्हणायच्या.

एकदा दुपारी मी एक सायीच्या रंगाचा कोट तिच्या मांडीवरून उचलला. बाहीवर बारीक तांबडे ठिपके दिसले. आधी वाटलं चहा सांडलाय. मग बघितलं तर वहिनीच्या बोटाला रक्त. एका जागी नव्हे, चाळण झालेली.

"अगं, केवढं टोचलंय! लागलं नाही तुला?"

तिने बोटाकडे असं बघितलं, जसं ते कुणीतरी तिच्याकडे सांभाळायला ठेवून गेलंय. "नाही," म्हणाली. "कळलंच नाही."

मी कोट गार पाण्यात धरला. रक्त गार पाण्यानेच जातं, गरम ओतलंत तर बसलात बोंबलत. डाग गेला. मी आणखी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं हे कळत होतं, पण त्या दिवसांत आमच्याकडे कुणी कुणाला काही विचारायचंच नाही.

मग त्याच आठवड्यात तिचा दवाखान्याचा शर्ट माझ्या इस्त्रीखाली आला. इस्त्री करताना मी बटणं उघडते. ह्याची उघडेनात. ओढून बघितलं तर पुढची बाजू टक् करून सुटली आणि बटण जागच्या जागी. मी शर्ट उलटा केला. काजं आतून शिवून बंद केलेली. बटणं वर नुसती शोभेला टाकलेली. आणि खाली, बरोब्बर बटणांच्या मागे, टिचबटणांची रांग. इतकं बेमालूम काम की वीस वेळा हातात धरलं तरी कळू नये.

इस्त्री बाजूला ठेवायची शुद्ध राहिली म्हणून, नाहीतर टेबल जळलं असतं.

"वहिनी! हे काय आहे?"

"टिचबटणं."

"दिसतंय मला! आंधळी नाही मी. कशाला?"

ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "बटण चिमटीत धरताच येत नाही गं. आहे की नाही तेच कळत नाही. टिचबटण तळहाताने दाबलं तरी लागतं."

"म्हणजे डॉक्टरांच्या डोळ्यांत धूळ फेकलीस?"

"त्यांना कुठे कळलं?" ती म्हणाली, आणि देवाशपथ सांगते, कित्येक महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "कुणालाच कळलं नाही. तुलाही आत्ता कळलं. शिवायला मात्र आठवडा गेला. सगळं बघून बघून करावं लागतं आता."

मी तिथेच खाली बसले, मळक्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर. फाटलेलं दिसू द्यायचं नाही, ह्यात जिचा जन्म गेला तिने दवाखान्यातही तेच केलं होतं. दुसरी कुणी असती तर नुसती खोटं बोलली असती. हिने शिवून दाखवलं. मला राग यायला हवा होता. आलाही, पण पुरता पेटला नाही, ओल्या काडीसारखा.

संध्याकाळी मी दादाला धरलं. शर्ट त्याच्यासमोर टाकला. त्याने तो हातात घेऊन बराच वेळ बघितला. त्यालाही माहीत नव्हतं.

"तिची बोटं चाललीत, दादा."

"आणि जीव गेला तर?" तो म्हणाला. "बोटं मोठी की जीव?"

आता असं विचारल्यावर कुणी काय बोलायचं? तरी मी बोलले. "ह्यातलं एकच मिळणार हे तुला कुणी सांगितलं? त्या बाकावरच्या माणसाने? डॉक्टरांना विचारलंस?"

"विचारायचंच नाही! विचारलं की ते बंद करतात. तीनदाच राहिलंय आता. तुला मध्ये तोंड घालायची काय गरज?"

वहिनी कप उचलत होती. त्यातला एक तिच्या हातातून सुटला आणि फुटला. तिने आधी आपल्या हाताकडे बघितलं, मग जमिनीकडे. ती खाली वाकून तुकडे गोळा करायला लागली तसा दादा ओरडला, "हात लावू नकोस, कापेल, कळणारही नाही!" आणि स्वतःच थांबला.

वहिनी म्हणाली, "गेलेलं परत येतं का, एवढं तरी तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे का?"

आम्हाला माहीत नव्हतं. तुकडे दादाने उचलले.

पुढच्या वेळी आम्ही तिघंही गेलो. मी ठरवलं होतं, हिने नाही सांगितलं तर मी सांगणार, मग दादा मला घराबाहेर काढो. बाईंनी नेहमीचं विचारलं. दादा म्हणाला, "ठणठणीत." पण आवाज बसलेला. बाई म्हणाल्या, "बटणं?" टक्, टक्, टक्. मी तोंड उघडलं तर वहिनीने माझ्याकडे असं काही बघितलं की मी मिटलं. आपण भेकड आहोत असं मला वाटलं. बाईंनी औषधाला परवानगी दिली आणि आम्ही बाहेर आलो.

औषध द्यायच्या खोलीत आडव्या होणाऱ्या खुर्च्या असतात. वहिनी एकीवर टेकली. सिस्टरने बाटली लटकवली, वहिनीचा हात मांडीवर घेतला आणि विचारलं, "पेशंटचं पूर्ण नाव?"

दादाने सांगितलं.

"तुम्ही नाही. ज्यांना औषध द्यायचंय त्यांनी स्वतः सांगायचं असतं. सगळे नवरे असंच करतात." सिस्टर कंटाळलेली होती, दिवसातून कितीदा हेच सांगत असेल कोण जाणे. "हं, बोला हो तुम्ही. नाव काय?"

वहिनीने नाव सांगितलं. मग जन्मतारीख. मग त्याच सुरात, जणू तेही विचारलं होतं, म्हणाली, "आणि माझी बोटं बधिर झालीत. दोन्ही हातांची. थांबा तुम्ही. मला डॉक्टरांशी बोलायचंय."

"अगं, काय बोलतेस," दादा म्हणाला.

"तुम्ही जरा बाहेर बसा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, ती दादाला असं बोललेली मी ऐकली नव्हती. ओरडून नव्हे. गिऱ्हाइकाला उद्या या म्हणावं तसं. दादा दाराशी जाऊन उभा राहिला, धड आत नाही, धड बाहेर नाही.

डॉक्टरीणबाई आल्या त्या वैतागूनच, बाहेर रांग होती. वहिनीने शर्टाचं वरचं टिचबटण सोडलं आणि आतली बाजू त्यांना दाखवली. "ही वरची बटणं खोटी आहेत. मी तुम्हाला फसवत होते."

बाईंनी कापड हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. "मी दर वेळी विचारत होते," त्या म्हणाल्या. रागावल्या होत्या, आणि का रागावू नये? "तुम्ही सांगितलं असतंत तर मी तेव्हाच औषध कमी केलं असतं. मी पूर्ण देत राहिले."

"हो. माझी चूक आहे," वहिनी म्हणाली. "पण तुम्ही ह्यांना विचारत होतात."

बाईंनी दाराकडे बघितलं. मग पायाने एक स्टूल ओढलं आणि वहिनीसमोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. डोळे मिटायला लावून एकेका बोटाला कापूस लावला, मग टाचणीचं टोक लावलं. "कळतंय?" नाही. "इथे?" नाही. "इथे?" थोडं. पायाची बोटंसुद्धा बघितली. ती तशीच. हे तर मलाही माहीत नव्हतं.

मग वहिनी विचारत गेली. अडखळत, पण एकामागून एक. आता थांबवलं तर दुखणं परत येईल का? बाई म्हणाल्या, येईलच असं नाही, येणारच नाही असंही नाही. उरलेल्या तीन वेळांचा उपयोग आहे, पण आधीच्यांएवढा नाही. किती, ते छातीठोक कुणी सांगू शकत नाही. दुसरं औषध? त्यातलं मुख्य तर घेऊन झालं, ते लाल. कमी करून देता येईल? येईल, मध्ये आठवडाभर थांबूनही देता येईल. मग बोटं वाचतील? "कमी दिलं तरी आणखी थोडी जाऊ शकतात. बंद केलं तर काही महिन्यांत बरीचशी परत येतात, बहुतेकांची. तुमची आता बरीच पुढे गेलीत. पूर्ण येतील असं मी म्हणणार नाही."

"मी रफू करते," वहिनी म्हणाली. "तेवढ्यापुरती तरी?"

"ते मला सांगता येणार नाही हो."

"बरं," वहिनी म्हणाली. "मग आज नको. मी विचार करून सांगते."

सिस्टरने बाटली उतरवली. दादा दाराशीच होता, त्याने सगळं ऐकलं होतं. गाडीत बसल्यावर त्याने किल्ली फिरवलीच नाही. हात स्टिअरिंगवर ठेवून म्हणाला, "ती गेली तर मी काय करू गं, ठिणगे?" वहिनी मागे बसली होती, तिच्यादेखतच म्हणाला. वहिनी म्हणाली, "मी अजून इथेच आहे हो. मला विचारा." त्याने नाही विचारलं. पण रडला, चांगला हुंदके देऊन रडला. मग आम्ही घरी आलो.

तो आठवडा कसा गेला ते आठवू म्हटलं तर आठवत नाही. मी कपडे धुतले असतील. वहिनी खिडकीत बसायची, मांडीवर एक चिंधी घेऊन. तिने तिला मुद्दाम भोक पाडलं होतं आणि त्यावर दोरे घालून बघत होती. घालायची, उसवायची. मी बघून न बघितल्यासारखं करायची. दादा घरात असायचा तेव्हा तोंड उघडायचा आणि मिटायचा.

मग एका सकाळी दोघांना समोर बसवून ती म्हणाली, "मी घेणार आहे उरलेलं. कमी करून, मध्ये थांबून. पण तिन्ही घेणार."

दादाने डोळे मिटले. मी मात्र उसळले. इतक्या दिवसांची ओली काडी तेव्हा पेटली. "मग एवढा तमाशा कशाला केलास? तेच तर चाललं होतं! बोटं जाणारच असतील तर त्या दिवशी गुपचूप घेतलं असतंस!"

"तेव्हा मला माहीत नव्हतं ती कायमची जाऊ शकतात म्हणून," वहिनी म्हणाली. "आता माहीत आहे."

"त्याने काय फरक पडतो?"

"तुला नाही पडत," ती म्हणाली. "मला पडतो. मला जगायचंय, ठिणगे. ह्यांना हवंय म्हणून नव्हे. मला." आणि उठून चहा टाकायला गेली, दोन्ही तळव्यांत पातेलं धरून.

तिन्ही वेळा मी सोबत होते. बाई तिच्याकडे बघून विचारायच्या. दादाचे ओठ हलायचे, पण तो गप्प बसायचा, दोन्ही पाय खुर्चीखाली आवळून. वहिनी काय गेलं ते एकेक करून सांगायची, डाव्या हाताचं हे बोट, उजव्याचा अंगठा, आणि बाई लिहून घ्यायच्या.

औषध संपून बरेच महिने झाले. केस आले, आधीपेक्षा कुरळे. दुखण्याचं अजून तरी काही दिसत नाही, तपासण्या चालू आहेत. बोटांत थोडं आलंय. कप धरता येतो. गरम कळतं, दोरा कळत नाही.

परवा एक बाई शाल घेऊन आल्या. जुनं गिऱ्हाईक, वहिनीच्या दुखण्याचं त्यांच्या कानावर होतं. शालीला मधोमध भोक पडलेलं. वहिनी आत कपड्यांच्या घड्या घालत होती, आता ती तेच करते. मी म्हटलं, "सध्या रफूचं काम जरा बंद आहे, वहिनी सुट्टीवर आहे." कशाला उगाच सगळ्यांना सांगत बसायचं?

वहिनी हातातली घडी ठेवून पुढे आली. "सुट्टीवर नाही," ती म्हणाली. "माझी बोटं बधिर आहेत. मला रफू करता येत नाही आता. परत येईल असंही नाही. दुसरीकडे दाखवा."

"अरेरे," त्या म्हणाल्या. "औषधाने घालवली का हो बोटं?"

"नाही," वहिनी म्हणाली. "मी दिली. कळूनसवरून दिली."